रंग तेवढे मागे राहिले

गाव उठतं तेव्हा लोक आधी छपराचे कवेलू उतरवतात. मग त्याखालचे लाकडी फाटे, मग दारं, खिडक्या, चौकटी. न्हाणीतली फरशीसुद्धा उपटून नेतात, कारण नव्या जागी सगळं कामाला येतं. भिंत मात्र कोणाला नेता येत नाही, आणि भिंतीवरचा रंग तिच्यासोबत तिथंच राहतो.

घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीच्या काठाला, खाणीसाठी असं उठलेलं गाव होतं. सुट्टीच्या दिवशी मी तिथं फोटो काढायला जायची. गावाचं नाव लिहीत नाही. ते आता कोणत्या पाटीवर उरलेलंही नाही.

मी त्या भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. माझं माहेर गोंडपिपरी तालुक्यातलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ते आईबापानं कसं निभावलं हे मी जवळून पाहिलं आहे. त्यामुळे नोकरी लागल्यावर एखादा छंद करावा, याचीसुद्धा मला बरेच दिवस लाज वाटत होती. मैत्रिणीनं तिचा जुना कॅमेरा दिला तेव्हा तो घेताना मी तिला तीनदा विचारलं, नक्की देतेस ना म्हणून.

पण रंगाची ओढ मला लहानपणापासून होती. आमचं घर मातीचं. दिवाळीला चुना, आणि चुन्यात चिमूटभर नीळ, एवढाच त्याला रंग. शाळेच्या वाटेवर मात्र एका सुताराचं पिवळंजर्द घर होतं, एका मास्तरांचं आकाशी, आणि एका घराच्या दाराभोवती कोणी लाल पट्टा ओढला होता. मी रोज जाता-येता आमच्या घरासाठी रंग निवडायची. परीक्षेच्या दिवसांत निवडलेला रंग शुभ मानायची. घराला रंग लावणारी माणसं काहीतरी ठरवून राहतात, असं मला तेव्हा वाटे.

त्या उठलेल्या गावात मी पहिल्यांदा शिरले ते पाऊस नुकताच थांबलेला असताना. रस्त्याच्या कडेला बेशरमाची झुडपं माजलेली, त्यामागं तरोटा कमरेएवढा, आणि त्या सगळ्या हिरव्यातून एक निळी भिंत उभी होती. तिच्यामागं एक नारिंगी. त्यामागं एक जांभळट. माणूस नाही, कुत्रं नाही. मी स्कुटी बंद केली आणि बराच वेळ हेल्मेट काढायचं विसरले.

जवळून पाहिलं की प्रत्येक घराचं काहीतरी शिल्लक दिसे. निळ्या भिंतीवर चुलीच्या जागेपासून वर गेलेली धुराची काळी जीभ. एका दर्शनी भिंतीवर लग्नाचा कळस, दोन मोर, आणि खाली वरवधूची नावं, अजून वाचता येतील अशी. एका खिळ्याला कॅलेंडरचा नुसता दोरा. मला फोटोग्राफी कोणी शिकवली नाही, पण तिथं एक गोष्ट माझी मला कळली. छप्पर नसलेल्या खोलीत उजेड वरून, सगळीकडून सारखा उतरतो. ढगाळ दिवशी तर माणसाची सावलीच पडत नाही. एकदा मी कॅमेरा दगडावर ठेवून स्वतःचा फोटो काढला आणि घरी येऊन पाहिला. मी त्या खोलीत उभी होते, पायाशी काहीच नव्हतं. तो फोटो मी लगेच पुसून टाकला.

दुपारी खाणीचा भोंगा व्हायचा आणि थोड्या वेळानं सुरुंग उडायचा. आवाजाच्या आधी जमीन पायाखाली हलायची. मग सगळ्या गावभर भिंतींवरून पोपडे गळायचे, बारीक सरीसारखा आवाज करत. तेवढं झालं की पुन्हा शांत.

मी कोणत्याही घरात शिरताना आधी बाहेरून "येऊ का?" म्हणायची. कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं. पण आपण लहानपणी शेजारच्या घरात असंच शिरतो, तशी जिभेला सवय. बहुतेक घरांत ते म्हणून झालं की मी निवांत व्हायची. एका घरात मात्र तसं व्हायचं नाही. ते गुलाबी होतं. जत्रेतल्या मिठाईसारखं चकचकीत गुलाबी, ओसरीपासून आतल्या खोलीपर्यंत. पावसात बाकीच्या भिंती मळकट व्हायच्या, ही धुतल्यासारखी दिसायची. तिथं ओसरीत पाय ठेवला की वाटायचं, कोणीतरी आत्ताच उठून आत गेलं आहे. एस.टी.त एखादा उतारू उठून गेला आणि आपण बसलो की सीट गरम लागते ना, तसं. मी तिथं कधी जास्त वेळ थांबले नाही. आणि तरी माझ्याकडे सगळ्यात जास्त फोटो त्याच घराचे होते.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "लोकाइच्या मेल्या घराचे फोटो काऊन काढतं वो? जित्या घराचे काढ. आपल्याच घराचा एक बी नाई तुह्यापाशी."

तिचं खरं होतं. आमच्या घराचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता.

त्या गावातली माणसं कुठं गेली हे पाहावं म्हणून एका रविवारी मी नव्या वसाहतीत गेले. पोळा नुकताच झाला होता, दारादारांवर आंब्याचे टहाळे सुकत होते. वसाहत हमरस्त्यापलीकडे, मोकळ्या माळावर. सरळ रस्ते, नळ, विजेचे खांब, सगळं व्यवस्थित. घरं मात्र सगळी एकाच फिक्या पिवळ्या रंगाची, एकासारखी एक. तोंडावर एक किराणा दुकान होतं. दुकानदाराला सगळे चाचा म्हणत. त्यांचं दुकान जुन्या गावातही होतं आणि गावाबरोबर तेही इकडे आले होते.

मी पाण्याची बाटली घेतली आणि मोबाईलवरचे फोटो त्यांना दाखवले. पहिल्याच फोटोला त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"अरे बाप रे! हे तं माह्या दुकानाची भिंत! पाहा मॅडम, इथी तराजूचा खिळा दिसून राह्यला."

एवढं ऐकून दोघं-चौघं जमले. एकजण खांद्यावरून वाकून म्हणाला, "चाचा, खिळा दिसते, पण तराजूखाली लावत होते तो गोटा नाई दिसत."

"तो तुह्या घरी हाये. तुह्या बायकोनं मसाला वाटाले नेला, अजून वापस नाई आला."

सगळे हसले. मग मोबाईल हातोहात फिरायला लागला. हे याचं, ते त्याचं. माझा आकाशी रंग कसा टिकला पाहा, तुझा कसा उडाला पाहा. मला फार बरं वाटत होतं. इतके दिवस जिथं माझ्याखेरीज कोणी नव्हतं तिथं अचानक माणसं राहायला आल्यासारखी झाली.

तेवढ्यात एक म्हातारी बाई चहापत्ती घ्यायला आली. लोकांनी तिला पुढं जागा दिली. मोबाईल अजून निम्म्या फोटोंवरच होता; तो मी तिच्या एकटीपुढं धरला आणि पहिल्यापासून दाखवू लागले. ती प्रत्येक फोटो नीट पाहत होती. काचेला बोट लागू नये म्हणून हात मागं धरून. गुलाबी घराचा फोटो आला तेव्हा तिनं तो पाहिला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "फुडचा."

सगळे फोटो संपले.

"आमचं नाई याच्यात," ती म्हणाली. "आमचं पोपटी. भडक पोपटी. मारुतीच्या पाराच्या मांगं."

मी त्या गावातली प्रत्येक गल्ली पालथी घातली होती. मला माहीत होतं ते मी सांगितलं. "आजी, पोपटी घर तिथं एकही नाही हो."

बाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग पाडलं असन," आणि चहापत्ती न घेताच निघून गेली.

मला कळेना आपण काय केलं. चाचांनी गर्दी पांगू दिली आणि मग सगळं सांगितलं.

बाईला दोन मुलगे. धाकटा काही वर्षांपूर्वी हमरस्त्यावर कोळशाच्या ट्रकखाली गेला. लग्न जमलेलं होतं. त्यांच्याकडची रीत अशी की घर बदलताना घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावून सोबत न्यायचं. ज्या जागेवर त्याला शेवटचं निजवलं, जिथं दहा दिवस दिवा ठेवला, तिथली माती पिवळ्या फडक्यात बांधायची, नाव घेऊन "चाल" म्हणायचं, आणि नव्या घराच्या उंबरठ्यापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की सोबत तुटते. गाव उठलं त्या दिवशी बाई तापानं फणफणली होती, म्हणून पुडी मोठ्या मुलाकडे दिली. तो सामानाच्या गाडीत बसला. आणि अर्ध्या वाटेत त्याचा मोबाईल वाजला.

"उचलला त्यानं," चाचा म्हणाले. "हॅलो म्हटलं. बस. तवापासून या बाईले धड झोप नाई. म्हंते, माहं लेकरू रस्त्यात उतरलं आन् जुन्या घरी वापस गेलं."

मी बाईला पोपटी घर नाही म्हणाले, म्हणजे तिच्यासाठी काय म्हणाले, हे तेव्हा मला समजलं. पुढच्या आठवड्यात कॉलेज सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. चाचांनी घर नुसतं सांगितलं असतं तर सापडलं नसतं, सगळी सारखीच. "दारात तुळशीजवळ फुटकी घागर हाये," म्हणाले.

मोठा मुलगा पाळीवरून येऊन बसला होता. सिमेंटच्या कारखान्यात कामाला, भुवयांवर अजून धूळ. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. मी कशाला आले ते सांगितलं मात्र, मायलेकांचं भांडण जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं असावं.

"मॅडम, तुमीच सांगा. सामानाचा दुसरा ट्रॅक्टर रस्ता चुकला होता. मी फोन नसता उचलला तं आमचं सामान वरोऱ्याले पोचलं असतं."

"पोचू द्याचं होतं," बाई आतून म्हणाली.

"तुही कोठी होती त्याच्यात."

"जाऊ द्याची होती कोठी."

"आई, मी फक्त हॅलो म्हटलं वो!"

"हॅलोच म्हनाचं नव्हतं ना गा."

तो कपाळाला हात लावून बसला. बाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर खाली बसली. तिला रडू येत नव्हतं. ती मला व्यवहाराचं सांगावं तसं सांगत होती.

"आता पितराइचे दिवस येतीन. आमी सगळ्याइचं पान वाढू. सासूचं, सासऱ्याचं, याच्या बापाचं. ते सगळे आले हायेत सोबत, मले माहीत हाये. त्याचं पान वाढलं तं तो येईन कुठी? त्याले हे घरच माहीत नाई. आन् इथी सगळे घरं एकसारखे. लेकरू दारोदार फिरन." ती थांबली. "मशीन पारापर्यंत आली म्हंतेत. घर पडलं तं मंग कुठून बोलवू?"

"घर पडलंच असन, मॅडमनं पाह्यलं ना," मुलगा म्हणाला. "काऊन जीव खातं?"

"तुमी जाता तिथी," बाई मला म्हणाली. "मले न्या एक खेप. माह्या डोळ्यानं पाह्यतो. नसन तं नसन."

मी भूगोलाची पदवीधर. दगड, माती, पाऊस, वारा यांची कारणं मुलांना समजावून सांगते. पण मी माझ्या बोलीत "नेतो मी तुमाले" म्हणून बसले. कॉलेजात मी अशी बोलत नाही.

रविवारी सकाळी ती दारात तयार होती. पिशवीत दिवा, काडेपेटी, हळदीकुंकू, मूठभर तांदूळ, खुरपं, आणि पिवळं फडकं. मुलगा "मले झोप हाये" म्हणत होता, पण आम्ही हमरस्त्याला लागलो तर मागून त्याची मोटरसायकल. "स्कुटीवरून पडली तं मलेच उचलाले या लागन," तो ओरडून म्हणाला.

खाणीच्या फाटकावरचा चौकीदार मला ओळखत होता. "फोटोवाली मॅडम, आज पाहुणे?" म्हणाला. "भोंग्याच्या आधी निघा बरं. आज पाराकडच्या बाजूनं सुरुंग लावणार हायेत."

गावात शिरलो आणि बाई गोंधळली. घरावर कवेलू असले की गल्लीला उंची असते, वळण कळतं. आता सगळ्या भिंती अर्धवट, मधून झाडं आलेली, एका घरातून दुसऱ्या घरात आरपार दिसणारी. ज्या गल्लीत तिनं जन्म काढला तिथं ती दोनदा चुकली. एकदा भलत्याच निळ्या भिंतीशी उभी राहून म्हणाली, "ही तं माह्या नणंदेची." मारुती वसाहतीत नेला होता, पाराचा चौथरा फुटलेला, पण पिंपळ उभा होता. त्याच्या पलीकडे खाणीच्या मातीचा डोंगर इतका जवळ आला होता की पिंपळाचा शेंडा त्याच्या पायथ्याशी वाटत होता. वर कुठंतरी मशीनची घरघर चालू होती.

"याच्या मांगं," बाई म्हणाली.

पिंपळामागं चार घरं. एकाचं नुसतं जोतं, दोघांच्या विटा उघड्या, आणि चौथं माझं गुलाबी. बाई त्या गुलाबी घरावरून पुढं गेली. शेवटपर्यंत जाऊन परत आली. परत येतानाही तिनं त्या घराकडे तोंड केलं नाही, उलट पदर त्या बाजूनं ओढून घेतला. मग ती पाराच्या फुटक्या दगडावर बसली.

"नाई," ती म्हणाली. "पाडलं."

मला तिच्या शेजारी बसवेना आणि उभंही राहवेना. मुलगा मात्र गुलाबी घरासमोर थांबला होता. बराच वेळ थांबला होता. मग तो ओसरीत चढला. भिंतीत दिवा ठेवायचा कोनाडा होता, आणि कोनाड्याच्या वरच्या ओठाखाली, पाऊस पोचत नाही अशा आडोशाला, तो बोटानं काहीतरी खरवडू लागला.

"आई, इकडं ये."

ती उठेना.

"ये वो. पाह्य हे."

मीच आधी गेले. कोनाड्याच्या आत, हातभर जागेत, पोपटी रंग होता. भडक पोपटी. त्याच्या बोटाखाली तो पापडासारखा सुटून येत होता आणि त्याखाली गुलाबी निघत होता.

मुलगा माझ्याशी बोलत होता की भिंतीशी, कळत नव्हतं. "लहान्यानं लावला होता हा गुलाबी. चंद्रपूरवरून आणला, ऑइलपेंट. लग्न जमलं म्हून. मी म्हटलं, बह्याडा, देवळाले बी कोणी असा रंग लावत नाई. गावातले पोट्टे याले बुड्ढी के बाल म्हनत. घरावरून जाताना मुद्दाम बोट चाटत जात. तो तं खूश. म्हने, पाहा, आपलं घर रस्त्यावरून दिसते."

धाकटा गेल्यावर वर्षाच्या आत बाईनं घर पोपटी करून घेतलं होतं. दुकानात जो मिळाला तो, साधा पाण्यात कालवायचा रंग. छप्पर होतं तोवर टिकला. छप्पर गेलं, पावसाळा भिंतीवर सरळ कोसळला, आणि वरचा रंग धुऊन गेला. ऑइलपेंट तसाच राहिला. मला हे तिथं उभ्या-उभ्या समजलं. पण मी बोलले नाही, आणि मला कोणी विचारलंही नाही.

बाई ओसरीच्या पायरीशी येऊन उभी होती.

"मी पाह्यलं होतं," ती म्हणाली. "दुकानात, मोबाईलमधी बी पाह्यलं. मले वाटलं मले भास होऊन राह्यला. मी म्हटलं, हे मलेच दिसून राह्यलं, कोणाले दिसत नसन." ती मुलाकडे वळली. "तुले दिसते?"

"दिसते ना."

"मॅडम, तुमाले?"

"मलेबी दिसते, आजी."

तिनं तेव्हा पहिल्यांदा भिंतीला हात लावला. तळवा पूर्ण टेकवून, एखाद्याच्या कपाळाला लावावा तसा. "मले या रंगात बसवे ना म्हून मी झाकला," ती म्हणाली. "त्यानं पुसला वाटते. नाई आवडला त्याले पोपटी."

ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात त्याला निजवलं होतं. मुलानं तिथला तरोटा उपटला, खुरप्यानं जमीन मोकळी केली. बाईनं दिवा लावला, हळदीकुंकू वाहिलं, तांदूळ टाकले. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी तो पिशवीत घालून बंद केला.

तेवढ्यात भोंगा झाला.

चौकीदाराची शिटी दुरून ऐकू यायला लागली. मुलानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बाईनं घाई केली नाही. ती माती फडक्यात घेऊन गाठ मारत होती, गाठ बसत नव्हती. शेवटी बसली. मग तिनं त्याला घरच्या नावानं हाक मारली. मोठ्यानं नाही, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढीच.

"चाल. आता आपलं घर तिकडं हाये."

ती उठली आणि तोंड बंद केलं. आम्ही पिंपळाखालून निघालो. ती मागं वळली नाही. मी वळले. गुलाबी ओसरीत दिवा जळत होता, भर दिवसा, आणि त्याची ज्योत दिसत नव्हती, नुसती हवा हलत होती. आम्ही फाटकाजवळ पोचलो तेव्हा जमीन हादरली आणि मागं धुळीचा ढग उठला. बाईनं डोळे मिटून पुडी छातीशी धरली.

चौकीदार भडकला होता. "काकू, भोंगा नाई ऐकू आला? काय करून राह्यल्या होत्या तिथी? बोला ना!"

बाई त्याच्याकडे पाहत गप्प. माझे ओठ उघडणार तोच मोठा मुलगा मोटरसायकल आडवी घालून मध्ये आला. "माह्याशी बोला. आई आज बोलत नाई. मौन हाये तिचं. चूक माही हाये, जे बोलाचं ते मले बोला." आणि आम्हाला हातानं पुढं जायची खूण केली.

हमरस्त्यावर ट्रकांची रांग होती. मी कधी इतकी सावकाश स्कुटी चालवली नसेल. बाईचे दोन्ही हात पुडीवर, धरायला काही नाही, तिचं सगळं वजन माझ्या पाठीला टेकलेलं. माझ्या पर्समध्ये फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. एक मोटरसायकलवाला शेजारून ओरडला, "ओ मावशी, पदर! चाकात जाते पदर!" कोणीही बाई अशा वेळी "अगंबाई" म्हणेलच. माझ्या पाठीशी बाईचा श्वास अडकला, पण आवाज निघाला नाही. मी स्कुटी कडेला घेतली, उतरले, तिचा पदर चाकापासून सोडवून कमरेला खोचला. तिनं डोळ्यांनीच मला बस म्हटलं. आमच्या बाजूनं कोळशाचे ट्रक जात होते आणि ती प्रत्येक ट्रकाकडे नजर रोखून पाहत होती, जणू धाकट्याला रस्ता ओलांडू देईपर्यंत ट्रकांनी थांबावं.

मुलगा दुसऱ्या रस्त्यानं आधीच घरी पोचला होता. आम्ही दारात आलो तेव्हा दार लोटलेलं होतं. बाई उंबरठ्याबाहेर उभी राहिली.

आतून तो म्हणाला, "कोण आलं?"

"आमी आलो," बाई म्हणाली. इतक्या वेळानं आवाज फुटला तो घोगरा होता.

"किती जण?"

"तिघं."

त्यानं दार उघडलं. आईच्या पायावर पाणी घातलं. मग माझ्या. मग भांडं थोडं बाजूला नेऊन, आमच्या मधल्या मोकळ्या फरशीवर उरलेलं पाणी हळूच ओतलं. बाई पुडी घेऊन आत देवाजवळ गेली.

तो मला बाहेर खुर्ची देऊन बसला. अंगावरची धूळ त्यानं झटकली नव्हती. थोड्या वेळानं म्हणाला, "मॅडम, एक सांगू? राग नोका येऊ देऊ."

"सांगा ना, भाऊ."

"त्या घराचे फोटो हायेत ना तुमच्यापाशी. कुठी लावू नोका ते. कोणाले दाखवू नोका." त्याला बोलायला जड जात होतं. "म्हंजे, मी हे मानत नाई. पण आता आणला ना त्याले. तो रंग पाह्यला तं वापस जाईन तो. त्याले लई आवडे."

ते माझे सगळ्यात चांगले फोटो होते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात लावण्यासाठी त्यातला एक मी मोठा करून घेणार होते. मी मोबाईल काढला, त्याच्यासमोरच ते सगळे वेगळ्या जागी ठेवले, आणि म्हणाले, "नाही दाखवणार." दाखवले नाहीत. हे लिहितानाही उघडून पाहिलेले नाहीत. दोन महिन्यांनी त्या पिंपळाच्या जागी मातीचा उतार होता, चाचांनीच सांगितलं.

त्या दिवशी आतून चहा आणायला उठावं म्हणून मुलानं हात टेकवला आणि तसाच थांबला. घरात बाईखेरीज कोणी नव्हतं. आतून तिचा आवाज येत होता. उशिरा घरी आलेल्या पोराला रागावतात तसा, मायेनं आणि थकून.

"तिकडं नोको बसू. भावाची जागा हाये ते. इकडं ये. आन् हे पाह्य, किती धूळ आणली पायाची घरभर."